बदली हवी होती, मग हे रडू कशाचं?

पत्र, थोडक्यात:

"ताई, मी जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका. माहेर आणि सासर दोन्ही सांगोला तालुक्यातलं. २०११ साली नेमणूक झाली ती थेट सिंधुदुर्गात, वैभववाडीतल्या एका वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत. पहिल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीची वाट बघतेय. मिस्टर तिकडे डाळिंबाच्या बागेत, सासूबाईंजवळ. मी आणि नऊ वर्षांची लेक इकडे, भाड्याच्या दोन खोल्यांत. यंदा ऑर्डर आली. दुपारी शाळेत पेढे वाटले आणि रात्री पडवीत बसून रडले. घरमालकीण काकी तेव्हापासून धड बोलत नाही, पण परवा दारात सुरंगीचं रोप पिशवीत घालून ठेवलंन. माझ्या जागी अजून कोणी आलेलं नाही, २३ पोरं आणि एकटे गुरुजी. पोरं विचारतात, 'बाई, परत येतलास मा?' लेक म्हणते, 'माका थंय गमाचा नाय.' मिस्टर म्हणतात, १४ वर्षं तिथून सुटायला रडत होतीस, आता काय झालं? स्कूटी तिकडेच विकून ये, घरात बाईक आहे. त्यांचंही बरोबरच आहे. बदली रद्द करून घ्यावी असंही एकदा मनात आलं. मी कृतघ्न आहे की ढोंगी? — एक बाई, वैभववाडी"

बाई,

आधी रद्द करण्याचं बोलते, कारण त्याला मुदत असते आणि बाकीच्या गोष्टींना नसते. रद्द करू नका. बदल्यांचं पोर्टल पुन्हा कधी उघडेल, तेव्हा रिक्त पदांचं गणित कसं असेल, तुमच्या प्रवर्गाची बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाच्या जागांची यादी, काय सांगेल, हे माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत. १४ वर्षं तुम्ही तेच तर केलंत, याद्या बघणं. पडवीतल्या एका रात्रीच्या रडण्यावर अर्ज मागे घेतलात, तर पुढच्या श्रावणात त्याच पडवीत बसून उलटं रडाल.

आता ढोंगाचं. पहिला अर्ज कोणी केला होता, आठवून बघा. सांगोल्यात वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तिथली मुलगी, नवी नोकरी, शिक्षणसेवकाचं मानधन, आणि जून लागला तसा कोकणातला पाऊस सुरू झाला. तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा. साडी चार दिवस वाळत नाही, वह्यांना बुरा चढतो, चपलेला शेवाळ. भाषा कळते पण अर्धीच. दळण आणायचं तरी कुणाला तरी विचारावं लागतं. त्या मुलीने सुटकेचा अर्ज केला, अगदी योग्य केला. मग दर वेळी तो अर्ज आपसूक पुढे जात राहिला, कारण न भरण्याचं काही कारण नव्हतं. आणि मंजूर झाला तो तुमचा. तुमच्यात आणि त्या मुलीत १४ पावसाळ्यांचं अंतर आहे. दोघींना एकच इच्छा असली पाहिजे असा काही नियम नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. काकी आहे, सुरंगी आहे, पोरं आहेत, लेक आहे. मिस्टरांच्या वाट्याला आलीत ती त्यांची वाक्यं, आणि त्यावर तुमचं एकच: "त्यांचंही बरोबरच आहे." सासूबाई तर "जवळ" या शब्दापुरत्या. मला वाटतं खरा पेच इथे आहे. तुम्ही तो लिहिला नाहीत, म्हणून मी लिहिते. चुकत असेन तर सोडून द्या.

त्या वाडीवर तुम्ही १४ वर्षं स्वतःच्या मर्जीने जगलात. एकटेपणा होता, ओढाताण होती, पोरीच्या तापात रात्री रिक्षा शोधायला लागली असेल. पण आमटीत मीठ किती ते तुम्ही ठरवलंत. केंद्रशाळेच्या मीटिंगला भर पावसात स्कूटी घेऊन गेलात. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब, निवडणुकीची ड्युटी, कुणाच्या बँकेचा फॉर्म, कुणाच्या सातबाऱ्यावरचं नाव वाचून दाखवणं, हे सगळं वाडीने "बाईंना विचारा" म्हणत तुमच्याकडे आणलं. सांगोल्यात परत जाल तेव्हा शाळेत मॅडम असाल आणि घरात सून. तीही १४ वर्षं उशिरा नांदायला आलेली. वाडीवर जी बाई तयार झाली तिला त्या घरात कोणी बघितलेलंच नाही. दिवाळीत आणि मे महिन्यात तिकडे जायची ती पाहुणी होती. मला विचाराल तर पडवीत बसून तुम्ही तिच्यासाठी रडलात.

यात कोणाचा दोष नाही. सासूबाईंनीही इतकी वर्षं ते स्वयंपाकघर एकहाती चालवलंय. मिस्टरांनाही रात्री एकट्याने जेवायची सवय झालीय, मोबाईल समोर ठेवून. बदल्यांच्या शासन निर्णयात पती-पत्नी एकत्रीकरण नावाचा एक संवर्ग असतो. मिस्टर शेतकरी, त्यामुळे तुम्ही त्यात बसला नाहीत आणि इतकी वर्षं गेली. पण बसला असतात तरी कागदावरचं एकत्रीकरण एका ऑर्डरीत उरकतं आणि घरातलं पहिल्या आठवड्यात अडतं. बाथरूममध्ये कोणी कधी जायचं, टीव्हीवर काय लागतं, पोरीने किती वाजता झोपायचं. अशाच गोष्टींवर अडतं, मोठ्या गोष्टींवर नाही.

म्हणून टेम्पो भरायच्या आधी मिस्टरांशी एकदा नीट बोला. फोनवर नको, ते न्यायला येतील तेव्हा. "मला इथून जाताना वाईट वाटतंय" याच्यापासून सुरुवात करू नका, त्यांना ते "मला तुझ्याकडे यायचं नाही" असं ऐकू येईल. बिचाऱ्याने १४ वर्षं एसटीने घाट उतरून ये-जा केलीय, त्यालाही काही वाटत असेलच. सरळ व्यवहाराचं बोला. पगार कुठल्या खात्यात येणार आणि घरात किती द्यायचे. शाळेतून आल्यावरचा एक तास तुमचा असेल की थेट चुलीपुढे. पोरीच्या अभ्यासाचं कोण बघणार. आणि स्कूटी. तिच्याकडे मी शेवटी येते.

ऑफिसचं चटकन उरकते, कारण ते तुम्हाला पाठ असेल. शाळा तुमच्याच गावची मिळेल या भ्रमात राहू नका. समुपदेशनात, म्हणजे शाळा वाटून देण्याच्या बैठकीत, जी जागा उरली असेल ती मिळते, आणि बाहेरून येणाऱ्याच्या वाट्याला सहसा आडबाजूचीच उरते. सेवाज्येष्ठता नव्या जिल्ह्यात शेवटून मोजतात. १४ वर्षांच्या नोकरीनंतर यादीत तुम्ही कालच्या पोरांच्या खाली असाल. दुखेल ते, आधीच दुखवून घ्या. कार्यमुक्त होण्यापूर्वी सेवापुस्तकातल्या नोंदी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. वेतनवाढी, रजा, स्थायित्वाचा आदेश, आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र हातात. रडायचं ते रडा, पण नोंदी तपासून. सांगोल्याहून एका सहीसाठी वैभववाडीला फोन लावत बसण्यासारखी शिक्षा नाही.

आता लेक. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, आणि कारण सांगते.

माझे वडील जायकवाडी प्रकल्पावर कारकून होते. पैठणला धरणाची कॉलनी होती, तिथे मी वाढले. १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं, मग हळूहळू माणसं दुसऱ्या कामांवर जायला लागली. क्वार्टर रिकामे होत गेले. पुढच्या उन्हाळ्यात आमची बदली झाली, विदर्भात. मी दहा वर्षांची होते. मी रडेन म्हणून वडिलांनी सांगितलं की आपण मामाकडे सुट्टीला चाललोय. माझ्या भातुकलीत पितळेचा एक बंब होता, अंगठ्याएवढा, त्याला खरोखर झाकण होतं आणि खाली विस्तवाची जाळी. तो मी शेजारच्या क्वार्टरमधल्या मैत्रिणीकडे ठेवायला दिला. दोन महिने सांभाळ म्हटलं. जुलैत वडील मला नव्या गावातल्या शाळेत नाव घालायला घेऊन गेले, तेव्हा मला कळलं.

मी रडले तेव्हा वडील म्हणाले, "अगं, त्या धरणात लोकांची गावंच्या गावं बुडाली, आणि तू सरकारी क्वार्टरसाठी रडतेस?" खरंच होतं ते. नाथसागरात, म्हणजे त्या धरणाच्या पाण्यात, गेलेल्या गावातली मुलं आमच्या शाळेत होती. मला काही उत्तर सुचलं नाही, आणि मी गप्प झाले. वडिलांना वाटलं, समजूत पटली. मी बदलीचा राग केव्हाच विसरले. सुट्टीचा राग मात्र वडील गेले तरी माझ्या मनात कुठेतरी होता. माणूस भला होता हो. त्यांना रडणारं मूल बघवत नसे, एवढंच.

तुमच्या लेकीला सगळं माहीत आहे, ती तर स्पष्ट सांगतेय. हे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे तिचं म्हणणं खोडून न काढणं. "तिकडे आजी आहे, बाग आहे, मोठं घर आहे" हे तिला माहीत आहे, दर मे महिन्यात तिने ते बघितलंय. तुमच्या दृष्टीने तुम्ही घरी परत चालल्या आहात. तिचं घर वैभववाडीला आहे. तुमचं परतणं ही तिची पहिली बदली आहे, आणि तिने अर्ज केलेला नाही. "नाय गमाचा" म्हणाली तर म्हणा, "हो, सुरुवातीला नाहीच गमणार. मलापण नव्हतं करमत इथे आले तेव्हा." मग तिला तुमच्या पहिल्या पावसाळ्याच्या गोष्टी सांगा. बुरा चढलेल्या वह्यांच्या, चपलेवरच्या शेवाळाच्या. आई कधीतरी इथे नवखी होती हे तिला ठाऊकच नसेल. तिच्या जन्मापासून तुम्ही तिथल्याच.

एक गोष्ट शिक्षिका म्हणूनही लक्षात घ्या. सांगोल्याच्या वर्गात ती "खंय" म्हणाली की पोरं हसणार. तुम्ही घरी ते सुधारायला जाऊ नका. नव्या शाळेत ती दोन महिन्यांत माणदेशी बोलायला लागेल, पोरं त्यात आपल्यापेक्षा हुशार असतात. पण मालवणी बोलायला तिच्यापाशी एक तरी माणूस हवं. तो माणूस काकी. आठवड्यातून एक फोन, तुम्ही मध्ये न बोलता. तुम्ही मध्ये बोललात तर तो मोठ्यांचा फोन होतो.

सामान बांधताना तिला एक पेटी द्या आणि त्यात काय घालायचं ते विचारू नका. दगड घातलेन तरी. आणि ती काही मागे ठेवून जायचं म्हणाली, मैत्रिणीकडे वगैरे, तर नीट सांगा की ही वस्तू आता तिचीच होईल.

शाळेतल्या पोरांकडे येते. "परत येतलास मा?" याला तुम्ही काय उत्तर दिलंत ते लिहिलं नाहीत. मला भीती आहे की "येतंय हां" म्हणाला असाल. आपल्याकडे निघताना "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात, ती रीत मोठ्यांसाठी ठीक. दुसरीतलं पोर ते शब्दशः धरतं. जून उजाडला की फाटकाकडे बघत बसतं. त्यांना "जाते" म्हणा. माझी बदली झाली, मी आता तिकडच्या पोरांना शिकवणार, तुम्हाला नव्या बाई किंवा गुरुजी येतील. पुढच्या वर्षी शिमग्याला भेटायला येईन, असंही ठरलेलं नसेल तर बोलू नका. गेलात तर गेलात, तेव्हा आनंदच होईल.

आणि "माझ्या जागी कोणी नाही" हे ओझं. त्यातला एक भाग खाली ठेवा. ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक हे शिक्षण हक्काच्या कायद्यात लिहिलेलं आहे आणि जागा भरणं हे जिल्हा परिषदेचं काम आहे, सांगोल्याच्या सुनेचं नाही. बाहेरच्या जिल्ह्यातले शिक्षक घाऊक सुटले की कोकणातल्या शाळा उघड्या पडतात, हे काही पहिल्यांदा होत नाहीये. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना लेखी मागणी करायला लावा, मसुदा हवा तर तुम्हीच लिहून द्या, तुमच्याइतकं चांगलं तिथे कोणी लिहिणार नाही. पण "माझ्यावाचून या पोरांचं कसं होईल" या विचारात थोडी स्वतःचीच पाठ थोपटणंही असतं. मला ते माहीत आहे, मीही थोपटलीय. पोरं शिकतात. थोडी मागे पडतील, गुरुजींची दमछाक होईल, पण शिकतील.

तुमच्या हातात दुसरं एक काम आहे. एक दोनशे पानी वही घ्या आणि २३ पोरांसाठी एकेक पान लिहा. निकालपत्रकात नसतं ते. कोणाला लांबचं दिसत नाही म्हणून पुढे बसवायचं. कोण जोडाक्षरांना अडतं पण गोष्ट सांगायला लावली की वाहतं. लावणीच्या दिवसांत कोणाच्या घरी निरोप पाठवल्याशिवाय पोर येत नाही. कोणाच्या बापाविषयी वर्गात विचारायचं नाही. ती वही गुरुजींच्या हातात द्या, कपाटात नको. निरोप समारंभाची शाल आणि श्रीफळ होईलच, त्यात भाषण छोटं करा.

काकी. ती रागावलीय असं तुम्हाला वाटतं, पण रोप कोण ठेवतं दारात? तिच्याकडे आपणहून जा, संध्याकाळी, ती काहीतरी निवडत बसली असेल तेव्हा. जाऊन नुसत्या निवडायला बसा. बोलेल ती. नाहीच बोलली तरी निवडून होईल.

ते रोप मात्र नेऊ नका. सुरंगीला कोकणची ओल लागते, आणि फुलावर यायला वर्षानुवर्षं जातात. डाळिंबाच्या बागेत ठिबकखाली ती जगली तरी कुढत जगेल. काकीलाच सांगा, तुमच्या अंगणात लावा, पाणी घाला, गजरा झाला की फोटो पाठवा. शिव्या घालील. तिच्याकडून सुरंगीऐवजी शेरभर कुळीथ मागून घ्या. तिकडे भात कापल्यावर कुळीथ पेरतात, तुमच्याकडे माळावर हुलगे. धान्य एकच. काकी त्याची पिठी करते, सासूबाई माडगं करतात, दोघींनाही वाटतं हे आमच्याकडेच मिळतं. बागेच्या बांधाला मूठभर टाकून बघा, येईल न येईल. उरलेल्याची एकदा पिठी करा, आमसुलं घालून, लसणीची फोडणी देऊन. सासूबाईंना वाढा आणि त्या नाक मुरडतील तर मुरडू देत. तुम्हीही १४ वर्षांपूर्वी मुरडलंच असेल.

आता स्कूटी. विकू नका. मिस्टर दुष्टपणाने म्हणत नाहीयेत, त्यांना टेम्पोत जागा आणि दारात एक गाडी कमी एवढंच दिसतंय. पण बाईक त्यांची. बाईकवर तुम्ही मागे बसणार, आणि शाळा जर १२ किलोमीटरवर मिळाली तर रोज सकाळी त्यांची वाट बघत चप्पल घालून उभ्या राहणार. सरळ सांगा की स्कूटी माझ्याबरोबर येतेय, करूळ घाट चढून, टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवायची आणि सगळ्यात आधी उतरवायची. राज्यातल्या राज्यात नंबर बदलावा लागत नाही, फक्त पत्ता बदलून घ्यायचा. तुमची सिंधुदुर्गातली एमएच ०७ ची पाटी तशीच राहील, आणि सांगोल्याच्या बाजारात कोणीतरी विचारेलच, मॅडम, गाडी कुठली?